बोल्टला कापूस

पिंजाऱ्याच्या घरात अंथरुणाची ददात असेल हे कुणाला पटत नाही. पण आम्ही चार भावंडं, अम्मी, अब्बा अशी सहा माणसं आणि रजया तीन. त्यातली एक पाहुण्यांसाठी पेटीवर घडी करून ठेवलेली. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. उरलेल्या दोन रजयांत सहा जण. जो आधी झोपला त्याचं अंग झाकलं, जो उशिरा आला त्याचे पाय बाहेर. अब्बा अख्ख्या शहादा तालुक्याचा कापूस पिंजायचे आणि आम्ही साखरेच्या रिकाम्या पोत्यांवर झोपायचो. अम्मीचं वाक्य ठरलेलं होतं : "लोकेसन्या गाद्या फुगाडतस, आनि घरन्या दबी गयात."

आमच्या मोहल्ल्यात बाकी घरी हिंदी चालते. अब्बांनी मात्र खांद्यावर पिंजणाची धनुकली टाकून इतकी वर्षं खेडी तुडवली, की त्यांची जीभ अहिराणीच झाली आणि त्यांच्यामुळे आमचीही. पायी फिरणं संपलं ते जीप आली तेव्हा. ही जीप माझ्या जन्माआधीची. तिचा मागचा भाग कापून अब्बांनी तिथे पिंजणयंत्र बसवलं आणि ते चालवायला शेतातल्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन. इंजिन सुरू झालं की जीप उभ्या जागी थरथरायची. दिवसभर थरथर, मग वीस किलोमीटर खड्डे, मग पुन्हा थरथर. अशा जन्मात कोणता बोल्ट जागेवर राहील?

नाहीच राहिले. नंबरप्लेट पडली, सायलेन्सर पडला, म्हसावदच्या बाजारात दार पडलं ते एका म्हातारीच्या कोथिंबिरीवर. अम्मीने रस्त्यावरून वेचलेल्या नटबोल्टांचा डबा भरला होता. तरी याच जीपवर आम्ही पोत्यांवरून गादीवर आलो आणि याच जीपवर मी फिजिक्समध्ये बीएस्सी झाले. आमच्या मोहल्ल्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं असेल तर चुना मारायला. आज मी शाळेत विज्ञान शिकवते. हे मी मुद्दाम सांगते, आणि पुढेही संधी मिळेल तेव्हा सांगेन.

गेल्या हिवाळ्यात अब्बा चांदसैली घाटातून उतरत होते. डाव्या अंगाने एक चाक त्यांना ओलांडून पुढे गेलं. अब्बा शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "देख, कोनं तरी चाक चालनं." मग आमची जीप बसली. जीव वाचला, पण गाडी शहाद्यात आली ती ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधून, भर दुपारी, सगळ्या मोहल्ल्यासमोरून. अम्मी दारात उभी होती. तेव्हा काहीच बोलली नाही, तेच वाईट.

या दिवाळीच्या सुट्टीत अब्बा पुन्हा सातपुड्यातल्या फेरीला निघाले, तेव्हा ती बोलली. "या खेपले गाडी ढकलत उनी, नहीते कोना ट्रॅक्टरले बांधीसन उनी, ते जुम्माले भंगारवाला ई. मंग तुम्ही बसा फोमना दुकानमा."

फोमच्या गाद्यांच्या दुकानात अब्बांना खरंच बोलावणं होतं. पंख्याखाली बसून गिऱ्हाइकाला फोम दाबून दाखवायचा. पिंजाऱ्याला हे सांगणं म्हणजे पहिलवानाला फुगे विकायला बसवणं. अब्बांचं तोंड उतरलं. अम्मीने नटबोल्टांचा तो डबा रिकामा करून त्यांच्या हातात दिला. "हाऊ रिकामा लई जा, रिकामा लई या."

मी म्हटलं, मी येते सोबत. बीएस्सी काय लोणचं घालायला केलं?

शहादा, निघण्याचा आदला दिवस

मी पान्हे, रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन जीपखाली शिरले. पहिल्या चाकाचा नट काढला आणि हातात बोल्ट नव्हे, वात आली. देवळातल्या समईत असते तशी कापसाची वात, बोल्टच्या आट्यांवर गोल गुंडाळलेली. नटाच्या खाली वॉशरच्या जागी कापसाची छोटी चकती, पुरी लाटावी तशी निगुतीने केलेली. दुसरा नट, तेच. पाचही नट, चारही चाकं, यंत्राचे पाय, सगळीकडे कापूस.

"अब्बा, हाई काय शे?"

"कापूस." मला कापूस ओळखता येत नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

"बोल्टले कापूस कोन लावस?"

"मी लावस. तीस वरीसपाइन. कापूस फुगस, आट्या धरी ठेवस."

म्हणजे तीस वर्षं आमची गाडी ज्या कारणाने सुटत होती, ते कारण अब्बा दर फेरीला नवीन घालत होते. मी त्यांना रीतसर समजावलं. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, त्या ताणाने दोन पत्रे एकमेकांना घट्ट धरतात, मध्ये मऊ काही असेल तर ते बसतं आणि ताण जातो. मळ असो, रंगाचे पोपडे असोत की कापूस. मी जमिनीवर काडीने आकृतीसुद्धा काढली. वर्गात या आकृतीला मुलं निदान मान डोलावतात. अब्बांनी चपलेसकट आकृतीवर पाय टाकला आणि विचारलं, "तुन्हा मास्तरनी कधी जीप चालाडी?"

शेवटी अम्मीचं नाव घेतलं तेव्हा तह झाला. मी सगळे बोल्ट रॉकेलने धुतले, गंज ब्रशने काढला, चपटे झालेले स्प्रिंगवॉशर फेकून नवे घातले. चाकाचे नट गोलात एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळले, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. आणि शेवटी माझं हुकमी शस्त्र : नेलपॉलिश. मैत्रिणीच्या लग्नात भेट मिळालेली, नमाजाआधी हात धुताना पाणी नखांना लागायला हवं म्हणून घरात कुणी न लावलेली लालभडक बाटली. प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यावर एक सरळ रेघ ओढली. नट जरा जरी फिरला, तर रेघ तुटलेली दिसणार. पान्हा लावून पाहायची गरजच नाही, डोळ्यांनी कळतं.

अब्बा ओट्यावरून बघत होते. "गाडीनी नखे रंगाडी दिनात," ते शेजाऱ्याला म्हणाले. "आते तिनं लगीन करी टाकसूत."

तळोद्याच्या वाटेवर

सकाळी निघालो. दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी, मध्येच कापसाची शेतं. कापूस दिसला की अब्बांचा वेग आपोआप कमी होतो. दुसरी माणसं मंदिर दिसलं की करतात तसा. वाटेत एका गुजर पाटलांच्या खळ्यावर थांबलो. पाटलीणकाकूंनी चार गाद्या काढून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे पिंजाऱ्याला आधी न्याहारी, मग काम. आमच्या मोहल्ल्यात आधी काम, मग हिशेब, मग जमलं तर चहा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत आणि वरून कच्चं तेल. भरतात मिरची इतकी, की अब्बा तीन भाकरी होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अब्बांना हे भरीत रोज मिळायला हवं होतं असं मला वाटलं.

काकूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "लाल लाल काय लावेल शे वं?"

मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मन्हा नवरालेबी अशी एक रेघ मारी दे. रोज कितला सरकस ते देखसू."

चार गाद्या पिंजल्यावर मी रेघा तपासल्या. चाकांच्या सगळ्या सरळ. यंत्राच्या चार पायांपैकी एकाची रेघ सूतभर सरकलेली. मला आनंदच झाला, कारण युक्ती चालते हे सिद्ध झालं. आता हा बोल्ट असा आवळते, की कयामतपर्यंत हलणार नाही. पान्ह्याला हातभर लांब लोखंडी पाइप लावला, पाय टेकवला आणि ओढला. आणखी ओढला. मग खट्ट आवाज आला आणि मी केळीच्या खुंटांत बसले. बोल्टचं डोकं पान्ह्यात, उरलेला जीपमध्ये.

अब्बा गाडीकडे गेले. त्यांनी अम्मीचा डबा आणला, झाकण उघडून माझ्यासमोर धरला. तुकडा आत टाकला तेव्हा तो टण्ण वाजला. मग दोन-तीन वेळा डबा हलवून त्यांनी तो आवाज नीट ऐकला. फेरी सुरू होऊन तीन तास झाले होते.

तळोद्यात लेथवाल्या भिकनदादांकडे गेलो. म्हातारा माणूस, चष्म्याची एक काडी तारेची. त्यांनी तुटका बोल्ट काढायला सुरुवात केली आणि मान वर न करता विचारलं, "पान्हाले पाइप लावा व्हता?"

"हो."

"मंग बोल्टनी काय चूक?" मग तुटका तुकडा बाहेर काढून म्हणाले, "ताई, बोल्ट म्हंजे कडक रबर. थोडा ताणा ते धरस. जास्ती ताणा ते मरस. पान्हानी लांबी जितली दिनी शे, तितलीच पुरस. पाइप लावना व्हता ते पान्हा बनाडनारानी लावा नसता?"

ताण आणि तुटण्याची मर्यादा हा प्रश्न मला परीक्षेला आला होता. आकृतीसकट उत्तर लिहिलं होतं, पूर्ण गुण पडले होते. हे मी भिकनदादांना सांगितलं नाही. अब्बांनी सांगितलं.

भिकनदादांनी नवा बोल्ट घातला आणि यंत्राच्या चारही पायांना एकावर एक असे दोन नट दिले. खालचा धरतो, वरचा खालच्याला धरून ठेवतो. इतक्या थरथरीला एकटा नट पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी चारही जोड्यांवर रेघा ओढल्या. त्यांना ती युक्ती आवडली. बाटली उलटसुलट करून वास घेतला आणि म्हणाले, "हाई कोनती कंपनीना रंग शे?"

चांदसैली घाट

दुसऱ्या दिवशी सकाळी तळोदा सोडलं. सपाटी एकदम संपते. दोन वळणं घेतली, की केळी नाही, ऊस नाही. सागाची मोठमोठी पानं करवंटीच्या रंगाची झालेली, दऱ्या, आणि खाली एखादी पाण्याची रेघ. घाट असा अरुंद, की समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाला सभ्य व्हावं लागतं. अब्बा त्यातले नाहीत. गेल्या वर्षी चाक निघून गेलं ते वळण आलं, तेव्हा त्यांनी हॉर्न वाजवला. ओळखीचं माणूस दिसल्यावर वाजवतात तसा.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. मी चहा घेऊन गाडीभोवती फिरले. पुढची दोन्ही चाकं ठीक. मागचं उजवं ठीक. मागच्या डाव्या चाकाच्या पाचपैकी दोन रेघा तुटलेल्या, दोन नट बोटभर फिरलेले. मी खाली वाकले. नटाच्या कडेने पांढरा कापूस बाहेर डोकावत होता.

माझा चहा हातातच राहिला. "अब्बा."

अब्बा दरीकडे बघू लागले. सातपुडा तीस वर्षांत त्यांनी एवढ्या मन लावून कधी पाहिला नसेल.

"कधी लावा?"

"सकाळे. तू आंघोळ करी ऱ्हायंती." आणि मग एकदम ताठ होऊन म्हणाले, "तीन चाके तुन्हा, एक चाक मन्हं. म्हनं देखूत, कोन टिकस."

मी विज्ञानाची बाई आहे. सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि फरक बघायचा, हे मी दर जूनला आठवीच्या वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगते. माझ्या चाळीस विद्यार्थ्यांत इतका नेटका प्रयोग कुणी केला नव्हता. पण तो त्यांनी चांदसैली घाटात केला होता, दोघांचे जीव आणि फोमचं दुकान टांगणीला लावून. शिवाय माझ्याच नेलपॉलिशने नव्या रेघा ओढून लपवला होता.

"मंग देखा ना? कोन टिकनं?"

अब्बांनी चाकाकडे बघितलं, मग वर इंजिनाकडे. "त्या बाजूले इंजननं वजन शे. तठे कोन्ताबी बोल्ट सुटी."

आणि यात तथ्य होतं. इंजिन डावीकडेच बसवलेलं आहे.  प्रयोग फसला नव्हता, पण सिद्धही काही झालं नाही. मी उत्तराऐवजी चाकासमोर मांडी घालून बसले आणि पान्हा मागितला. टपरीवाला म्हणाला, बाई, गाडी बंद आहे का? अब्बा म्हणाले, गाडी चालू शे, पोरगी बंद पडनी.

अर्ध्या तासाने पाचही नट काढून, पुसून, कापूस खरवडून, पाइपशिवाय आवळून झाले. अब्बांच्या खिशात वातींची एक पिशवी होती, हे मला दिसत होतं. ती मागायची हिंमत झाली नाही. बाप आहे शेवटी.

धडगावच्या पुढचा पाडा

धडगाव मागे टाकलं आणि डोंगरातल्या एका पाड्यावर गेलो. आमच्या शहाद्यात एका भिंतीला दोन घरं टेकलेली असतात. शेजारच्याने कूस बदलली तरी कळतं. इथे प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर. शेजाऱ्याला बोलवायचं तर हाक मारायची आणि ती दरी ओलांडून पोचेपर्यंत वाट पाहायची. आमच्या जीपच्या आवाजाने हाकेची गरज उरली नाही. सगळ्या टेकड्यांवरून बायका उशा-गोधड्या डोक्यावर घेऊन उतरू लागल्या.

रुमालीबाईंच्या अंगणात यंत्र लावलं. रुमालीबाई पन्नाशीच्या, घरात पावरा आदिवासींची पावरी बोलणाऱ्या, आमच्याशी त्यांच्या हिशोबाच्या मराठीत. अब्बांची आणि त्यांची ओळख वीस वर्षांची आणि भांडणही तेवढंच जुनं. आधी जेवण झालं. उडदाची घट्ट डाळ, ज्वारीची जाड भाकर, पाट्यावर वाटलेली लसणाची चटणी. घरातल्या एका म्हाताऱ्यांनी मोहाच्या दारूचा पेला पुढे केला. अब्बांनी हात जोडले. म्हातारे म्हणाले, दर साली नाही म्हणतो, दर साली विचारावं लागतं.

मग रुमालीबाईंनी गेल्या वर्षीची गादी अब्बांसमोर आपटली.

"पिंजारी बाबा, तू म्हणला होता, असा पिंजला आहे की पाच साल बघायला नको. हे बघ. एक सालात पापड झाला. तू कापूस भरला का माती?"

"बाई, गादीवर कितला लोके झोपतस?"

"चार. आणि कधी बकरी."

"मंग?" अब्बांना राग आला. धंद्यावर आलं की त्यांना राग येतो. "कापूस शे तो. लोखंड नही शे. त्यावर वजन पडनं का तो दबस. कितलाबी चांगला पिंजा, दबी म्हंजे दबी. तो कापूसना धरम शे. नही दबना व्हता ते मले दर साल कोन बलावतं? मन्हा घरनी चूल कशी पेटती?"

यंत्र धडधडत होतं. अब्बांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी रुमालीबाईंकडे पाहिलं, मग गादीकडे, मग हळूच जीपच्या मागच्या डाव्या चाकाकडे.

मी आकाशाकडे पाहत होते. त्या क्षणी बोलायला माझ्याकडे किमान सात वाक्यं होती, सगळी धारदार. एकही बोलले नाही. माझ्या शिक्षणाचा इतका उपयोग आजवर झाला नव्हता.

अब्बा उठले. गाडीकडे गेले, उगीच बॉनेटवर हात फिरवला, परत आले. यंत्रात रुमालीबाईंचा कापूस टाकता टाकता त्यांनी खिशातून ती पिशवी काढली आणि सगळ्या वाती यंत्रात ओतल्या. क्षणात त्यांचा धुरळा झाला आणि पांढऱ्या ढिगात मिसळून गेला. बोल्ट धरण्यासाठी वळलेला कापूस चार माणसं आणि एका बकरीच्या पाठीखाली गेला.

"थोडा जास्तीना टाका," ते रुमालीबाईंना म्हणाले. "फुकट शे."

रुमालीबाईंना संशय आला. वीस वर्षांत अब्बांनी फुकट काही दिलं नव्हतं. त्यांनी गादी दाबून, हुंगून पाहिली. मग मोर्चा माझ्याकडे वळवला आणि बोल्टांवरचा लाल रंग कुठे मिळतो असं विचारलं. मी बाटली दाखवली. पुढच्या दहा मिनिटांत पाड्यावरच्या नऊ बायकांची आणि एका म्हाताऱ्यांची नखं रंगली. यंत्राच्या पायांसाठी बुडाशी थोडा रंग शिल्लक राहिला.

मोलगी, आणि देवगोई घाट

मोलगीला बाजाराचा दिवस होता. लोकांनी डोंगरातून भगर, वालपापडी, मध असं काय काय आणलं होतं. अम्मीसाठी भगर घेतली. दोन दिवस तिथे काम पुरलं.

पण मला बाजारापेक्षा अब्बाच बघण्यासारखे झाले होते. सकाळी उठले की आधी गाडीला प्रदक्षिणा. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, एकेका रेघेवर बोट. गाद्या पिंजून झाल्या की पुन्हा. मी विचारलं, काय बघता? तर म्हणे, काही नही, टायरमा हवा देखी ऱ्हायनू. एकदा यंत्राच्या पायाचा वरचा नट जरा सरकला होता. तो मला दिसायच्या आधी त्यांनी आवळला, पान्ह्याने, पाइपशिवाय, आणि काडीने बाटलीच्या बुडाचा रंग खरवडून नवी रेघ ओढली. इतकी सरळ, की मलाही जमली नव्हती.

पाचव्या दिवशी देवगोई घाटाने अक्कलकुव्याकडे उतरलो. घाटात एका वळणावर प्रवाशांची एक जीप उभी होती, ड्रायव्हर पुढच्या चाकाशी उकिडवा. अब्बा थांबले. नट सैल झाले होते. प्रवासी कंटाळून शेंगा खात बसलेले. अब्बांनी आपला पान्हा दिला, समोरासमोर कसं आवळायचं ते दाखवलं, पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा बघायला सांगितलं. मग डोळे बारीक करून ड्रायव्हरला विचारलं, "नटखाले काही मऊ-बिऊ ते नही ना घालेल? कापूस-बिपूस?"

ड्रायव्हर हसला. "कापूस कोन घाली, चाचा?"

"नही, ऱ्हातस काही लोके," अब्बा म्हणाले. "येडा."

मी गाडीत जाऊन बसले आणि तोंडावर ओढणी घेतली.

शहाद्याच्या अलीकडे

तळोदा मागे पडलं, सपाटी आली. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे रांगेने निघालेले. अब्बा गुणगुणू लागले. घर चार-पाच किलोमीटरवर आणि जीपने दोन आचके दिले. तिसऱ्याला बंद.

आम्ही दोघं एकदमच खाली उतरलो, चारही चाकांच्या रेघा बघितल्या. सरळ. यंत्राचे पाय, सरळ. एक नट फिरलेला नाही. मग अब्बांनी टाकीत काडी घातली. काडी कोरडी निघाली. पाच दिवस आम्ही बोल्टांकडे इतके बघत होतो, की डिझेलकडे कुणी बघितलंच नाही.

मागून उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. गेल्या वर्षी ज्याने ओढून आणलं होतं, तोच. "काय चाचा, यंदाबी? दोरी काढू?"

दोरी त्याच्या सीटखालीच होती. चार किलोमीटर, पंधरा मिनिटं. ऊन उतरलं होतं, दोघांना भूक लागलेली. अब्बांनी दोरीकडे पाहिलं.

"नही," ते म्हणाले. "तू चाल. आम्ही हवा खाई ऱ्हायनूत."

ट्रॅक्टर गेला. दोघं धुळीत उभे. मग माझी नजर मागच्या इंजिनावर गेली. विहिरीवरचं इंजिन, तेही डिझेलचंच. त्याची छोटी टाकी निम्मी भरलेली. अब्बांनी नळी काढली, तोंडाने ओढली, एक घोट गिळला, थुंकले, आणि डिझेल जीपच्या टाकीत सोडलं.

पण डिझेलची गाडी एकदा कोरडी पडली, की नळ्यांत हवा शिरते; ती काढल्याशिवाय सुरू होत नाही. त्यासाठी एक छोटा बोल्ट सैल करावा लागतो. अब्बांनी पान्हा माझ्याकडे दिला. पाच दिवसांत पहिल्यांदा मी एक बोल्ट मुद्दाम सैल केला. अब्बा हातपंप मारत होते. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. मी आवळायला लागले तेव्हा ते म्हणाले, "बस. आते जास्ती नको." मी थांबले.

दुसऱ्या किल्लीला जीप सुरू झाली.

अम्मी दारातच होती. ट्रॅक्टरवाल्याने पुढे जाऊन बातमी पोचवली होती, चाचा रस्त्यात उभे आहेत म्हणून. अख्खा मोहल्ला ओट्यावर. अब्बांनी गाडी तिच्या पायापर्यंत आणून उभी केली आणि उगीच दोनदा एक्सलेटर दाबला.

ती गाडीभोवती फिरली. खाली वाकून एकेका चाकाच्या एकेका रेघेवरून बोट फिरवलं. वीस नट. मग यंत्राचे पाय. मग हात पुढे केला. अब्बांनी डबा दिला. तिने हलवला. टण्ण.

"हाऊ काय शे?"

"तो तुन्ही बीएस्सीनी तोडा," अब्बा ताबडतोब म्हणाले. "पाइप लाईसन."

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खोटं बोलणार कशी, बोल्टच्या डोक्यावर पान्ह्याचा ठसा होता. तिने तुकडा उचलला, पदरात पुसला आणि परत डब्यात टाकला. "जाऊ द्या," ती म्हणाली. "पोरगी शिकी ऱ्हायनी आजून." आणि भाकरी टाकायला आत गेली.

परवा मोहल्ल्यातले दुसरे एक पिंजारी, रशीदचाचा, आपला जुना टेम्पो घेऊन अब्बांकडे आले. त्यांचे बोल्ट सुटतात. अब्बांनी एक नट काढला. आत वात. त्यांनी ती चिमटीत धरून ओट्यावरच्या सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "रशीद, कापूस दबस रे बाबा. तू पिंजारी व्हईसन तुले इतलं समजत नही?"

मी पेपर तपासत बसले होते. मान वर केली नाही.

तर सांगायचं ते इतकंच. जीप पाच दिवस सातपुड्यात फिरली, दोन घाट चढली-उतरली आणि स्वतःच्या चार चाकांवर घरी आली. जुम्म्याला भंगारवाला आला नाही. अब्बा फोमच्या दुकानात बसलेले नाहीत.